खर्रा, विडी आणि सरकारची काळजी

सरकारला शेतकऱ्याच्या तब्येतीची काळजी वाटू लागली की शेतकऱ्याने आधी आपला खिसा चाचपून पाहावा, हे चळवळीतल्या माणसाला शिकवावे लागत नाही. कापूसवाल्याच्या कल्याणासाठी एकाधिकार खरेदी आली आणि चुकाऱ्यासाठी खेटे घालता घालता चपला झिजल्या. ग्राहकाच्या कल्याणासाठी निर्यातबंदी येते आणि आपला माल घरात पडतो. तेव्हा पंचायतीच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त गाव' असे रंगवून गेले, शाळेच्या पोरांची प्रभातफेरी निघाली, तर धुऱ्यावर बसलेला शेतकरी गालातल्या गालात हसतो यात नवल नाही. गालात खर्रा असल्याने त्याला मोकळे हसताही येत नाही, ही गोष्ट वेगळी.

गेल्या काही तालुका बैठकांत हा विषय निघाला तेव्हा दोन तऱ्हेची बोलणी कानावर आली. एक असे, की पिकाला भाव द्यायचा नाही, कर्ज फिटू द्यायचे नाही, आणि निघाले व्यसन सोडवायला. आधी भाव द्या, मग उपदेश करा. दुसरे बोलणे जरा शिकलेल्या कार्यकर्त्यांचे. आपण स्वातंत्र्य मानणारी माणसे. कुणी काय पेरावे हे सरकारने सांगू नये म्हणतो, तर कुणी काय खावे हे तरी सरकारने का सांगावे? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण दोन्ही अर्ध्या वाटेवर थांबतात, आणि पुढच्या अर्ध्या वाटेत आपली माणसे मरतात. म्हणून हा विषय अग्रलेखात घेतला आहे.

तंबाखू हा शेतकरी चळवळीला परका विषय नाही. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगलोर हमरस्ता अडवला होता. मागणी भावाची होती. व्यापारी म्हणेल तो भाव आणि म्हणेल ती कटती, अशी तेथली रीत. आंदोलनाचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला आणि शेतकरी मेले. त्याच निपाणीत विड्या वळणाऱ्या आणि वखारीत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या बाया होत्या, त्यांचाही लढा त्याच काळात उभा राहिला. तंबाखू पिकवणाऱ्याच्या अंगावर ज्यांनी गोळ्या झेललेल्या पाहिल्या, त्या चळवळीने तंबाखूवर बोलताना उत्पादकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता कामा नये. आम्हीही करणार नाही.

सरकारचे तंबाखूशी नाते मात्र तपासायला हवे, कारण ते फार जुने आणि फार गोड आहे. इंग्रज सरकारने लढाईचा खर्च भागवायला १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसवला, आणि तो थेट कच्च्या पानावर. म्हणजे शेतात किती झाडे, घरात किती माल, याची अबकारी शिपायाच्या वहीत नोंद. स्वराज्य आले तरी वही तीच. तब्बल ३६ वर्षांनी, १९७९ च्या अर्थसंकल्पात चौधरी चरणसिंगांनी कच्च्या तंबाखूवरचा कर काढला आणि तो तयार मालावर नेला. शेतकऱ्याची त्या वहीतून सुटका करायला शेतकऱ्याच्या पोटचा अर्थमंत्री यावा लागला.

आज काय आहे? केंद्राचे आरोग्य खाते तंबाखू सोडा म्हणते. केंद्राच्याच वाणिज्य खात्याखाली गुंटूरला टोबॅको बोर्ड आहे, १९७६ पासून. ते आंध्र-कर्नाटकातल्या व्हर्जिनिया तंबाखूचे लिलाव भरवते आणि निर्यात वाढली की अभिनंदनाची पत्रके काढते. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत सरकारी आयुर्विमा महामंडळाचा भाग १५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे आपण पोटाला चिमटा घेऊन विम्याचा हप्ता भरतो, त्यातला काही पैसा सिगारेटच्या धंद्यात जातो, आणि सिगारेटने माणूस लवकर मेला तर विम्याचे पैसेही तेच महामंडळ देते. हा हिशेब कोणत्या अर्थशास्त्रात बसतो ते अर्थमंत्र्यांनाच विचारावे.

आता कायद्यांकडे या. देशात तंबाखूविरोधी कायद्यांचा दुष्काळ नाही, सुकाळ आहे. सार्वजनिक जागी धूम्रपान बंद करावे म्हणून मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००१ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने तसा आदेश दिला. २००३ साली संसदेने कायदा केला. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २०० रुपयांपर्यंत दंड, जाहिरातीला बंदी, १८ वर्षांखालच्या मुलाला विक्री नाही, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांचे नियम कडक झाले. २००९ पासून पाकिटावर चित्रे आली, २०१६ पासून ती पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आली. २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी आली, जी आपल्या गावात कुणी पाहिलीही नव्हती.

या कायद्यांचा काहीच उपयोग झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. एसटीत आणि रेल्वेच्या डब्यात पूर्वी विडीचा धूर डोळ्यांत जायचा, आता जात नाही. केंद्राच्या २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात जेमतेम ४ उरले आहेत (नेमके ३.८ टक्के). त्या आकड्यावर सरकार पाठ थोपटून घेऊ शकते. पण त्याच पाहणीत तंबाखू खाणारे, चघळणारे, घासणारे २४.४ टक्के निघाले. दर चार माणसांत एक. कायदा धुराच्या मागे धावला, आणि आपली माणसे धूर काढतच नाहीत. ती खर्रा खातात, चुना-तंबाखू मळतात, बाया मिश्री लावतात. दिल्लीला तंबाखू म्हटले की सिगारेट दिसते. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा दिल्लीला दिसायला फार वर्षे लागली.

गुटख्याची कथा ऐकण्यासारखी आहे. महाराष्ट्र सरकारने पहिली बंदी २००२ साली घातली, अन्नभेसळीच्या कायद्याखाली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. राज्याच्या अधिकाऱ्याला असा अधिकार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मग नवा अन्नसुरक्षा कायदा आला, आणि २०११ च्या नियमांत अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटीन घालू नये असे स्पष्ट आले. त्याचा आधार घेऊन मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये आणि महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, खर्रा, मावा हेही त्यात घातले. या कायद्याखाली बंदीचा आदेश एका वेळी एकाच वर्षाचा काढता येतो. म्हणून दर वर्षी तो नव्याने काढतात, सालगड्याचे साल पाडव्याला नव्याने ठरवतात तसे.

कागदावर बंदी पक्की आहे. आपल्या गावात किती आहे ते आम्ही सांगायला नको. गुटखावाल्यांनी दुसऱ्याच आठवड्यात वाट काढली. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, गिऱ्हाईकाने तोंडात एकत्र करावी. बाकी माल शेजारच्या राज्यांतून रात्री येतो. छापा पडतो तो पानठेल्यावर, सापडते ते बेकार पोर, ज्याच्या बापाची चार एकर कोरडवाहू त्याला पोसू शकली नाही म्हणून त्याने ठेला टाकला. गोदाम कुणाचे, गाडी कुणाची, चेकनाक्यावर ती कुणाच्या शब्दावर सुटते, हे छाप्याच्या बातमीत कधी येत नाही. बंदीमुळे माल बंद झाला नाही, त्याचा भाव चढला आणि चढलेल्या भावात नवे वाटेकरी आले. नियंत्रणाच्या अर्थव्यवस्थेत याहून वेगळे काही घडत नसते. ज्यांनी जिल्हाबंदीच्या काळात ज्वारीची पोती रात्री सीमेपार जाताना पाहिली त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि कर? सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेट-पानमसाल्याला ४० टक्क्यांचा वरचा गट ठरवला आणि त्याच बैठकीत विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. कारण काय तर विडी कामगार. विडी कामगार बाईच्या मजुरीची आठवण सरकारला फक्त विडी कारखानदाराचा कर कमी करतानाच होते. तेंदूपत्ता तोडणाऱ्या गडचिरोली-गोंदियाच्या आदिवासीचे आणि विड्या वळणाऱ्या बाईचे पोट या धंद्यावर आहे हे खरेच. पण विडी फुंकणाराही मजूर आणि कोरडवाहू शेतकरीच आहे. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, पानात गुंडाळलेली, देशी, म्हणून कमी वाईट, असा समज आपल्याकडे आहे. त्याचा हिशेब झालेला आहे. २००८ साली प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी देशातल्या सुमारे ११ लाख घरांतल्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. विडी ओढणारा पुरुष सरासरी ६ वर्षे आधी मरतो, विडी ओढणारी बाई ८ वर्षे आधी, सिगारेट ओढणारा पुरुष १० वर्षे आधी. आणि धूम्रपानाने होणारे बहुतेक मृत्यू म्हातारपणी होत नाहीत, ३० ते ६९ या वयात होतात. क्षयाने, दम्यासारख्या छातीच्या रोगाने, हृदयविकाराने, कर्करोगाने.

३० ते ६९. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याच्या नावावर सोसायटीचे कर्ज आहे, ज्याची पोरगी लग्नाची आहे, तो माणूस.

येथे आमच्या 'आधी भाव द्या' म्हणणाऱ्या मित्रांशी बोलायचे आहे. भावाची लढाई आपण कशासाठी लढतो? घामाचे दाम घरात यावेत म्हणून. आले तर ते राहावेत कुठे? साधा हिशेब मांडू. दिवसाला २ खर्रे, एक २० रुपयांचा धरू. तुमच्या गावचा भाव वेगळा असेल तर तो घाला. दिवसाचे ४०, वर्षाचे १४,६०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात सरकारने लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. म्हणजे वर्षाचा खर्रा पावणेदोन क्विंटलांहून जास्त कापूस खातो. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकले तर आपण पीक बरे म्हणतो. तेव्हा एकराचा तिसरा हिस्सा ते निम्मा एकर नुसता खर्ऱ्याने चरला. संकरित ज्वारीच्या ३,६९९ च्या हमीभावाने मोजाल तर जवळपास चार क्विंटल ज्वारी, छोट्या घराच्या वर्षाच्या भाकरी. बियाण्यात मोजायचे असेल तर ९०१ रुपयांची कापसाची १६ पाकिटे येतात आणि वर १८४ रुपये उरतात. आणि हा हिशेब हमीभावाचा आहे. व्यापाऱ्याने ओलावा दाखवून भाव पाडला की खर्रा आणखी कापूस खातो. हमीभावात १०० रुपये वाढावेत म्हणून आपण रस्ता अडवतो, लाठ्या खातो, खटले अंगावर घेतो. पाच-सात क्विंटल कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या १०० रुपयांनी वर्षाला मिळतात पाच-सातशे. गावात १०० जण खर्रा खाणारे असतील तर वर्षाला १४ लाख ६० हजार गावाबाहेर जातात. कोणतीही लेव्ही इतकी वसुली कधी करू शकली नाही.

औषधपाण्याचा खर्च यात धरलेला नाही. तो घरोघर माहीत आहे. जनावरे आधी जातात, मग शेताचा तुकडा.

आता थोडे शेतकीशास्त्र, कारण तेवढेच आम्ही कॉलेजात धड शिकलो. पश्चिम महाराष्ट्रात तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाला मावा म्हणतात. आपण कपाशीच्या पानामागच्या किडीला मावा म्हणतो. या मावा किडीला मारण्यासाठी जुने शेतकरी तंबाखूचा काढा फवारत. निकोटीन तंबाखूच्या मुळात तयार होते आणि पानात साठते. झाडाने ते केले आहे कीड मारण्यासाठीच. त्यापासून निकोटीन सल्फेट नावाचे कीटकनाशक बनवत. ते इतके जहाल, की १९९२ साली भारत सरकारने त्याचा देशात शेतीसाठी वापर बंद केला. तयार करून परदेशी पाठवायला मात्र मुभा ठेवली. कपाशीच्या रंगीत बियाण्याला आज जे इमिडाक्लोप्रिड चोळलेले असते ते निकोटीनच्याच धर्तीवर बनवलेले, किडीच्या मज्जातंतूंवर त्याच जागी मार करणारे. आपल्या मज्जातंतूंवर निकोटीन तेथेच बसते. प्रमाण कमी म्हणून मरत नाही, चटक लागते. मावा मारण्यासाठी जे कपाशीवर फवारायला बंदी, ते मावा म्हणून तोंडात धरायला मोकळीक.

फवारणीचा विषय निघालाच आहे तर २०१७ विसरू नका. त्या वर्षी एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. उंच वाढलेली पऱ्हाटी, जहाल मिश्रणे, तोंडाला फडके नाही, अशी बरीच कारणे निघाली. औषधाच्या डब्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेले असते की फवारताना खाऊ-पिऊ नये, धूम्रपान करू नये. ज्याला तासातासाला खर्रा लागतो तो पंप खाली ठेवतो, त्याच ओल्या हाताने पन्नी उघडतो आणि चिमूट गालात धरतो. हात धुवायला पाणी अर्ध्या मैलावर. ही गोष्ट कोणत्याही सरकारी पोस्टरवर आम्ही पाहिली नाही, कारण पोस्टर काढणाऱ्याने पंप पाठीवर घेतलेला नसतो.

सुपारीबद्दलही सांगितले पाहिजे. 'मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी' असे सांगणारे बरेच भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. सुपारीने गालाची आतली कातडी आवळत जाते, पांढरी-ताठ होते, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासे होते. आपल्या हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली. भारतीय पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही एकत्र घोटलेले असतात.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा, आणि तो आम्हाला अधिक जवळचा. जाणत्या माणसाने जाणून घेतलेला निर्णय सरकारने मोडू नये, हे तत्त्व मान्य. पण निर्णय घेतो कोण? २०१९ साली देशातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यात खाण्याची तंबाखू वापरणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी ती वयाची १० वर्षे पुरी होण्याआधी पहिल्यांदा चाखली होती. चौथीतल्या पोराचा निर्णय हा स्वतंत्र नागरिकाचा करार नाही. बापाने 'जा रे, ठेल्यावरून एक खर्रा घेऊन ये' म्हटले आणि पोराने येताना पन्नीतली चिमूट चाखली, असे ते सुरू होते. पुढे वीस वर्षांनी त्याला सोडायची असते आणि सुटत नाही. ज्याला बाजारात येण्याचे स्वातंत्र्य आहे पण जाण्याचे नाही, त्याला आपण मक्तेदारीचा बळी म्हणतो. सावकाराच्या वहीत अडकलेल्या कुळाला 'तू स्वखुशीने अंगठा दिलास' असे कुणी म्हणाले तर आपण ऐकून घेऊ का? तेव्हा मुलांना विक्री बंद, शाळेजवळ ठेला बंद, हे कायदे आमच्या स्वातंत्र्याच्या आड येत नाहीत. ते पाळले जात नाहीत, तक्रार आहे ती याची.

सरकारच्या कामातला जो भाग खरोखर उपयोगाचा आहे त्याची गावात कुणाला माहितीच नाही. २०१० पासून केंद्राचा असंसर्गजन्य रोगांचा कार्यक्रम चालू आहे. साध्या भाषेत रक्तदाब, साखर, हृदयविकार, कर्करोग, म्हणजे एकदा लागले की जन्माला पुरणारे रोग. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी उपकेंद्राच्या पातळीवर व्हायची आहे. बायांच्या स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाचीही. आशाताईकडे त्याचा फॉर्म असतो. आपल्या गावात फॉर्म भरला गेला असेलही. टॉर्च लावून तोंड किती जणांचे पाहिले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारा आणि उत्तर ऐका.

टॉर्च लावून पाहिल्याने काय होते, याचा पुरावा केरळात आहे. १९९६ पासून तिरुवनंतपुरम भागात १३ पंचायतींत मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते (डॉक्टर नव्हेत) काही पंचायतींत घरोघर जाऊन दर तीन वर्षांनी तोंड उघडून बघत. बाकीच्या पंचायती तुलनेसाठी होत्या. २००५ साली निष्कर्ष आला, की तंबाखू-दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणीच्या गावांत सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ना मोठे यंत्र, ना मोठे रुग्णालय. पांढरा चट्टा, लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम वेळेत दिसली, एवढेच.

आपल्याकडे उलटे आहे. उपचाराचा पैसा आहे, वेळेवर पाहणारा डोळा नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधे बसतात. आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले होते, आणि २०२३ साली राज्याने ५ लाखांपर्यंतचे संरक्षण सर्वांनाच देण्याचा निर्णय घेतला. चांगले आहे. पण आपला माणूस मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तेव्हा गालाला भोक पडलेले असते, आणि तोपर्यंत भोंदूबाबा, मेडिकलवाला आणि मलम यांत सहा महिने गेलेले असतात. त्या अवस्थेत ५ लाखांचे कार्ड जबडा काढायच्या कामी येते. माणूस दर वेळी वाचतोच असे नाही.

ज्वारीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. साखरेच्या रोग्याला शहरातला डॉक्टर आज ज्वारीची भाकरी खायला सांगतो. भारताच्या आग्रहावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष केले, सरकारने ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' असे नाव दिले. नाव मोठे झाले, खरेदी मोठी झाली नाही. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळच येतो, तोही २०२३ पासून फुकट. फुकटच्या तांदळासमोर संकरित ज्वारी कोण पेरणार? रोगप्रतिबंधाची एवढी कळकळ असेल तर ती कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या दारातही दिसली पाहिजे. त्यावर स्वतंत्रपणे लिहू.

सोडायची कशी, हे विचारणाऱ्यांसाठी दोन शब्द. पहिले तीन दिवस फार जड जातात. डोके दुखते, चिडचिड होते, बैल मारकुटा वाटतो आणि बायको त्याहून. दोन ते चार आठवड्यांत ओसरते. निकोटीनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, डॉक्टर गोळ्याही देतात. सरकारचा फुकट सल्ल्याचा फोन आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटावरही छापलेला असतो. धूम्रपानाबद्दल अभ्यास असे सांगतो, की चाळिशीच्या आत सोडले तर लवकर मरण्याचा वाढलेला धोका जवळजवळ सगळा टळतो. पन्नाशीत सोडले तरी काही वर्षे परत मिळतात. सोडून पुन्हा सुरू होणे यात लाज नाही, बहुतेकांचे दोन-चार वेळा तसे होते. दुबार पेरणी आपण केलेली आहेच.

जिल्हा बैठकीत मांडायच्या ठरावाचा मसुदा असा आहे. आपल्या सभा, शिबिरे, मोर्चे यांत मंचावर आणि मंडपात खर्रा, विडी, तंबाखू नको, पुढाऱ्यांपासून सुरुवात. ठेलेवाल्या पोरांवर खटले भरण्याऐवजी गोदाम आणि वाहतूकदार पकडा, आणि जिल्ह्यात वर्षाला किती पकडले ते जाहीर करा. तंबाखूच्या करातला ठरावीक हिस्सा त्याच जिल्ह्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तोंडाची तपासणी आणि व्यसन सोडवण्याच्या औषधांवर खर्च करा. आठवडी बाजाराच्या दिवशी आणि कापूस खरेदी केंद्राच्या आवारात तपासणीचे टेबल लावा. गाडी मोजायला लागेपर्यंत शेतकरी तेथे तासन्‌तास बसलेलाच असतो. तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दुसरे पीक घे म्हणताना त्या पिकाचा भाव आणि गिऱ्हाईक आधी दाखवा; जागतिक तंबाखू करारावर भारताने २००४ साली शिक्कामोर्तब केले आहे, त्यात उत्पादकांना पर्याय देण्याचे कलम आहे, ते फक्त जिनिव्हात वाचायचे नाही.

कुणाला दुरुस्ती सुचवायची असेल त्यांनी ती लेखी आणावी. या ठरावावरची चर्चा मुद्दाम सकाळच्या सत्रात ठेवली आहे. जेवणानंतर निम्मी बैठक पानठेल्यावर असते.